‘फिरविणे’ आणि ‘चाळा’ : काही इंग्रजी क्रियापदांचा अर्थविचार

इंग्रजीतील ‘टर्न’, ‘ट्विस्ट’, ‘स्पिन’, ‘ट्वर्ल’, ‘ट्विडल’, ‘फिडल’ आणि ‘फिजेट’ ही क्रियापदे मराठी विद्यार्थ्यास बहुधा प्रथम कोशातच भेटतात. तेथे पहिल्या पाचांना ‘फिरविणे’ अथवा ‘पिळणे’ आणि उरलेल्या दोहोंना ‘चाळा’ अथवा ‘चुळबुळ’ असे प्रतिशब्द मिळाले म्हणजे तो समाधान पावतो. हे प्रतिशब्द चुकीचे आहेत असे नव्हे. परंतु त्यांमागील वर्गीकरणाचे तत्त्व अपुरे आहे. ते केवळ हालचालीचा आकार पाहते. ह्या क्रियापदांतील खरा भेद मात्र आकाराचा नसून, कर्त्याचे लक्ष कोठे आहे आणि त्याची क्रिया कोणत्या परिणामापर्यंत पोचते, ह्याचा आहे.

शब्दांच्या इतिहासात ह्याची खूण सापडते. ‘टर्न’चे मूळ लॅटिनमधील कातकामाच्या क्रियापदात आहे. ‘स्पिन’ म्हणजे मुळात सूत कातणे. गरगर फिरण्याचा अर्थ त्यास नंतर जडला. ‘ट्विस्ट’चे नाते ‘दोन’ ह्या संख्येशी असून दोन पदर एकत्र वळण्याची कल्पना त्यात आहे. ही तिन्ही क्रियापदे कारागिराच्या हातून आली आहेत, आणि प्रत्येकाच्या शेवटी काहीतरी तयार होते : घडीव लाकूड, सूत, दोर. ‘ट्विडल’ची गोष्ट उलटी आहे. सोळाव्या शतकात आढळणाऱ्या ह्या शब्दाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. पण त्याचा जुना अर्थ ‘क्षुल्लक गोष्टीत वेळ दवडणे’ असा असून फिरविण्याचा अर्थ मागाहून आलेला आहे. म्हणजे येथे रिकामपण आधीचे आणि गती नंतरची.

हा भेद रोजच्या वाक्यरचनेतही उतरला आहे. इंग्रज माणूस किल्ली ‘टर्न’ करतो तेव्हा किल्ली हे त्या क्रियापदाचे सरळ कर्म असते, आणि ऐकणारा कुलूप उघडल्याची अपेक्षा धरतो. तोच माणूस किल्लीशी ‘फिडल’ करतो तेव्हा मध्ये ‘विथ’ हे शब्दयोगी अव्यय येते, आणि दार बंदच असल्याचे सूचित होते. हात दोन्ही प्रसंगी किल्लीवरच आहे. परंतु दुसऱ्या वाक्यात किल्ली कर्मपदावरून ढळली आहे. हेच अव्यय गाळले तर काय होते, तेही पाहण्याजोगे आहे. हिशेबाच्या वहीशी ‘फिडल’ करणे म्हणजे तिच्यात उगाच ढवळाढवळ करणे. पण अव्यय गाळून हिशेबच ‘फिडल’ करणे म्हणजे जाणूनबुजून खोटा हिशेब रचणे. एका अव्ययाच्या अंतराने निरुद्योगाचा अपराध होतो. ह्या ठिकाणी भाषांतरकाराची चूक शैलीची राहत नाही. पात्रावर नसलेला आरोप लादला जातो, किंवा असलेला आरोप नाहीसा होतो.

‘ट्विडल’ ह्या नियमास अपवाद वाटेल, कारण ते सरळ कर्म घेते. परंतु ती कर्मे कोणती, हे पाहावे : स्वतःचे अंगठे, केसांची बट, मिशी, यंत्राची खुंटी. बोटे गुंतवून अंगठे एकमेकांभोवती फिरवीत बसणे हा इंग्रजी वाक्प्रचार रिकामपणाचाच निदर्शक आहे. मराठी माणूस अशा वेळी ‘हातावर हात धरून’ बसतो. अर्थ तोच; फरक इतकाच की मराठी रिकामे हात स्थिर आहेत आणि इंग्रजी रिकामे हात हलत आहेत. ‘ट्वर्ल’मध्येही मिशी वा छडीच फिरते, पण तेथे पाहणाऱ्याची जाणीव असते, ऐट हा त्याचा प्राण होय. मिशीला ‘पीळ भरणे’ हा मराठी प्रयोग तेथे नेमका बसतो, ‘ट्विडल’ला बसत नाही.

‘फिजेट’ला बहुधा कर्माचीही गरज नसते, अस्वस्थता सर्व शरीरभर पसरलेली असते. फ्रान्सिस गाल्टन याने १८८५ साली ‘नेचर’ नियतकालिकात ह्या चुळबुळीच्या मोजमापावर एक लहानसे टिपण लिहिले. कंटाळवाण्या सभेत माणशी मिनिटास सुमारे एक चुळबूळ त्याने मोजली, आणि श्रोत्यांचे लक्ष वेधले जाताच हे प्रमाण पुष्कळ घटते, असे नोंदविले. मोजल्या हालचाली, पण मोजले गेले ते लक्ष. शब्दाचा लोकव्यवहारातील अर्थच त्याने आकड्यांत मांडला, असे म्हणता येईल.

मराठीस हा भेद परका आहे काय? ‘त्याने किल्ली फिरविली’ आणि ‘त्याने किल्लीशी चाळा केला’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवावीत. पहिल्यात क्रियापद किल्लीच्या लिंगाप्रमाणे चालते. दुसऱ्यात ते ‘चाळा’ ह्या शब्दाप्रमाणे पुल्लिंगी होते आणि किल्ली ‘शी’ ह्या प्रत्ययासह बाजूस राहते. इंग्रजीत ‘विथ’ जे काम करतो ते मराठीत ‘शी’ करतो. किंबहुना मराठी एक पाऊल पुढे जाते, कारण घडली ती गोष्ट म्हणजे चाळाच, हे ती क्रियापदाच्या रूपातच सांगते.

मराठीत शब्द नाहीत ही तक्रार म्हणून टिकत नाही. उणीव आहे ती कोशरचनेत. मोल्सवर्थ-कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली प्रसिद्ध झाला; तेव्हापासून शब्दास शब्द जोडण्याचे मोठे काम झाले आहे. अशा क्रियापदांपुढे आता वाक्यांची जोडी हवी, जिच्यात कर्म आणि ‘शी’ यांचा भेद दिसेल. त्याबरोबर एक सावधगिरीही नोंदवावी लागेल : ‘चाळा’ एकवचनात निरुपद्रवी असला तरी ‘चाळे’ म्हणताच निंदा येते. भाषांतरात केवळ वचन बदलले, तरी दाराशी गोंधळून उभा असलेला साधा माणूस वाचकाच्या नजरेत वाह्यात ठरेल.