'कोनाचा व्हय रे तू?' : कळत्या वयाचा मराठी सिनेमा

पिंपळगाव राजात पोरगं घराच्या ओट्यावरून उतरून गल्लीच्या तोंडाशी पोचलं, की कुणी ना कुणी त्याला अडवतंच. "कोनाचा व्हय रे तू?" नाव कुणी विचारत नाही. बापाचं नाव सांगितलं की विचारणाऱ्याला आडनाव, गल्ली, शेत, जात असं सगळं एका दमात कळतं. मग पोरगं स्वतः कोण आहे, हे विचारायची गरज उरत नाही. खामगाव तालुक्यातल्या या गावात वाढलेल्या माझ्यासारख्याला 'तू कोण?' हा प्रश्न पुस्तकात भेटला, 'तू कोणाचा?' हा मात्र रोज रस्त्यावर.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत मराठीत कळत्या वयावर जे चांगले सिनेमे झाले, ते या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत घडतात. कोणत्या मुलाला 'मी कोण?' असं विचारायची मुभा मिळते आणि कोणाला 'कोणाचा?' याच्या उत्तराखालीच दबून राहावं लागतं, हे त्यांत दिसतं.

सुरुवात अर्थातच 'श्यामची आई'पासून. साने गुरुजींच्या पुस्तकावरून आचार्य अत्र्यांनी 1953 साली केलेल्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्यात प्रश्नाला जागाच नाही. श्याम कोणाचा, हे शीर्षकातच सांगून टाकलं आहे. आई घडवते, मुलगा घडतो, प्रेक्षक डोळे पुसतो. आपल्याकडे मुलांवरच्या सिनेमाला पुढे अनेक वर्षं तात्पर्याची जी सवय लागली, तिचं मूळ या यशात आहे. अत्र्यांचा सिनेमा थोर आहे. त्याच्या सावलीत बाकीचं फारसं वाढलं नाही, एवढंच.

ही सावली पहिल्यांदा ओलांडली ती उमेश कुलकर्णींच्या 'विहीर'नं. 2009चा हा सिनेमा. समीर आणि नचिकेत ही मावस-मामेभावंडांच्या गोतावळ्यातली जिवलग जोडी. नचिकेतला या साऱ्यातून निघून जावंसं वाटतं, का ते त्याला सांगता येत नाही. मग तो विहिरीत बुडून जातो आणि समीर त्याला शोधत राहतो. नचिकेत हे नावच कठोपनिषदातल्या, यमाला प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं. मराठी पडद्यावर मुलाला इतका निखळ तात्त्विक प्रश्न याआधी कुणी दिला नव्हता. पण त्याच्या मागचं घर पाहा. भरलेला वाडा, लग्नाची गडबड, आजोळ, मावश्या. 'कोणाचा?' याचं उत्तर या मुलाला इतकं सुखाचं मिळालेलं आहे, की 'कोण?' विचारायला त्याला उसंत आहे. हा सिनेमाचा दोष नव्हे. ती त्याची जमीन आहे, आणि समीक्षेनं ती नोंदवायला हवी होती.

त्यानंतर मिलिंद बोकीलांच्या कादंबरीवरचा सुजय डहाकेंचा 'शाळा' आला, 2012 साली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी शिरोडकरच्या प्रेमात पडतो आणि त्या ओढीतून स्वतःला ओळखू लागतो. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'त (2015) बाप गेलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे कोकणात येतो. किल्ल्यावर, पावसात, मित्र त्याला एकट्याला सोडून निघून जातात, त्या प्रसंगात संवाद जवळपास नाहीतच, तरी त्या मुलाचं पोरकेपण अंगावर येतं. बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी या सिनेमाला क्रिस्टल बेअर दिलं. मुलांना त्यात स्वतःचं काही दिसलं असणार.

आणि 'फँड्री'. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. नागराज मंजुळेंचा हा पहिला चित्रपट 2014 साली आला. जब्या म्हणजे जांबुवंत कचरू माने. त्याला 'मी कोण?' असा प्रश्न पडत नाही, कारण गावानं उत्तर आधीच देऊन ठेवलंय. तो उलट ते उत्तर लपवायला धडपडतो. तोंडाला पावडर फासतो, जीन्सची पँट हवी म्हणतो, आवडणाऱ्या शालूला वश करायला काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो. शाळेतली पोरं बघत असताना बापाबरोबर डुकरं धरावी लागतात, तेव्हा तो आडोसा शोधतो. नेमकं त्याच वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं, माणसं जागच्या जागी थांबतात आणि डुक्कर निसटतं. पुढे फुले, आंबेडकर, गाडगेबाबांची चित्रं रंगवलेल्या भिंतीपुढून ते मारलेलं डुक्कर वाहून नेलं जातं. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड सरळ आपल्या दिशेनं येतो. श्यामच्या सिनेमात आपण डोळे पुसत बाहेर पडलो होतो. इथे आपण विचारणाऱ्यांच्या गर्दीत उभे असल्याचं कळतं.

या वाटेवर 'फँड्री' एकटा नव्हता. राजेश पिंजाणींच्या 'बाबू बँड बाजा'त बापाला पोरगा बँडमध्ये हवा आणि आईला तो शाळेत. शिवाजी लोटन पाटलांच्या 'धग'मध्ये मसणातलं काम पोराच्या वाट्याला येऊ नये म्हणून आई झुंजते. बँड, मसण, डुकरं. वारशानं आलेला धंदा हीच इथे ओळख ठरते, आणि कळतं होणं म्हणजे तिला नकार देण्याचं बळ येणं.

वऱ्हाडातल्या माणसाला सर्वांत जवळचा वाटेल तो सुधाकर रेड्डी यक्कंटींचा 'नाळ' (2018). विदर्भातल्या नदीकाठच्या गावातला चैत्या. त्याला एके दिवशी कळतं की आई आपली सख्खी आई नाही. 'कोनाचा व्हय?' हा गावचा साधा प्रश्न इथे खरोखरच फुटतो. चैत्या काही विचारत नाही, फक्त आईकडे बघत राहतो. यक्कंटी आणि अविनाश अरुण दोघेही मुळात छायाचित्रकार, हा योगायोग नाही. मनात चाललेलं या वयाच्या मुलाला बोलून दाखवता येत नाही, ते त्याच्या बघण्यात असतं. कॅमेऱ्याची समज असलेल्यांनीच हे पहिल्यांदा नीट ओळखलं.

'नाळ'ची दुसरी कमाई भाषेची. आमच्याकडचं पोट्टं घरी 'माह्यं' म्हणतं आणि वर्गात 'माझं'. त्या उंबरठ्यावर त्याचे दोन तुकडे होतात. पडद्यावर वऱ्हाडी बोली आली ती बहुतेकदा हसवायला. चैत्याच्या तोंडी ती दुःखाची भाषा झाली.

मात्र या यादीत एक मोठं भगदाड आहे. शालू, शिरोडकर या मुली कुणाच्या तरी डोळ्यांतून दिसतात. त्यांना स्वतःला काय दिसतं, हे सिनेमा विचारत नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांच्या 'दोघी'नं (1995) दोन बहिणींच्या बाजूनं जग पाहिलं होतं, पण ती वाट रुळली नाही. अलीकडे जयंत सोमलकरांच्या 'स्थळ'नं ती पुन्हा धरली. चंद्रपूर जिल्ह्यातलं गाव, स्थानिक नवखे कलाकार, कापसाच्या भावाची वाट बघणारा बाप आणि शिकू पाहणारी सविता. पाहुणे येतात, तीच पाटावर बसते, तेच प्रश्न येतात : नाव काय, शिक्षण किती, उंची किती. साऱ्या मराठी सिनेमात 'तू कोण?' हे तोंडावर सर्वांत जास्त वेळा हिलाच विचारलं गेलंय, आणि उत्तर ऐकायला कुणीच बसलेलं नाही. टोरांटोच्या महोत्सवात 2023 साली या चित्रपटाला नेटपॅक पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात तो प्रदर्शित व्हायला 2025 उजाडलं.

आज या प्रकाराची स्थिती काय? पुरस्कारांच्या हिशेबात बरकत आहे. 2023च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'आत्मपॅम्फ्लेट'साठी आशिष बेंडे पदार्पणातले सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक ठरले, 'नाळ 2' सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरला, आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट होता, पुन्हा एकदा, 'श्यामची आई'. तोही 'शाळा'च्याच सुजय डहाकेंनी केलेला. 'आत्मपॅम्फ्लेट' जात कळण्याचा क्षण हसत हसत सांगतो, आणि ते हसू रडण्याइतकंच खरं आहे. पण बाकी ठिकाणी साचा दिसू लागलाय. गोंडस पोरगं, निसर्गरम्य गाव, नव्वदच्या दशकाची हळहळ आणि शेवटी समजूतदार मिठी. प्रश्न विचारायला निघालेला सिनेमा पुन्हा तात्पर्याकडे वळतो आहे, ही माझी तक्रार आहे.

शिक्षकांना एक विनंती. नववी-दहावीच्या वर्गात प्रोजेक्टर लावून 'नाळ' दाखवा, 'फँड्री' दाखवा, 'स्थळ' दाखवा, मुलामुलींना शेजारी बसवून दाखवा. दिवे लागल्यावर लगेच 'यातून काय बोध घेतला?' असं मात्र विचारू नका. पोरं काय बोलतात त्याची वाट बघा. 'माह्यं' म्हणाली तर दुरुस्त करू नका.