स्टबसाहेबांचे रात्रीचे जेवण

खाण्यापिण्यावरच्या विनोदाच्या ढोबळमानाने दोन जाती करता येतील. एकीत खाणारा अचाट असतो, दुसरीत खाण्याची वस्तू. पहिल्या जातीची आपल्याकडे चंगळ आहे. बकासुरासाठी भरलेला अन्नाचा गाडा भीम एकटाच फस्त करतो, मागून राक्षस पाठीत गुद्दे हाणतो, आणि हा गडी घास खाली ठेवून मागे वळूनही पाहत नाही. हा प्रसंग ऐकून न हसलेले मूल मराठी घरात सापडायचे नाही. दुसऱ्या जातीचे मात्र आपण फारसे पीक काढले नाही. कच्चा माल होता. संस्कृतात तिमि नावाचा प्रचंड मासा आहे, त्याला गिळणारा तिमिंगिल आहे, आणि एवढ्याने भागले नाही म्हणून तिमिंगिलालाही गिळणारा तिमिंगिलगिल आहे. गिळण्यापर्यंत आपली कल्पना धावली. परंतु त्याचे तुकडे किती करावेत, मीठ किती लावावे आणि तो शिजवायला कोणाला बसवावे, या संसारी प्रश्नांत ती शिरली नाही. यहुदी परंपरेने थोडी मजल मारली आहे. जगाच्या शेवटी सज्जनांना लेव्हायथन या महाजलचराच्या मांसाची मेजवानी मिळेल आणि त्याच्या कातड्याचा मांडव घातला जाईल, असे ताल्मुदात सांगितले आहे. पण तिथेही वाढपी आणि खानसामा यांची दखल नाही.

ती घेतली हर्मन मेलव्हिलने. त्याची कादंबरी १८५१ च्या ऑक्टोबरात लंडनला 'द व्हेल' या नावाने तीन खंडांत आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कला 'मोबी डिक' या नावाने प्रसिद्ध झाली. एकशे पस्तीस प्रकरणांचे हे धूड आपल्याकडे बहुधा शाळेतल्या संक्षिप्त आवृत्तीतून ओळखीचे असते: लाकडी नव्हे, देवमाशाच्या हाडाचा पाय लावलेला कप्तान अहाब, त्याचा पाय तोडणारा पांढरा देवमासा, सूड आणि सर्वनाश. संक्षेप करणारा माणूस पहिली कात्री लावतो ती विनोदाला. त्यामुळे हे पुस्तक मोठे गंभीर, किंबहुना सुतकी आहे असा समज पसरला. मला तर असे वाटते की, त्यातली चौसष्टावे आणि पासष्टावे ही लागोपाठची दोन प्रकरणे ज्याने वाचली नाहीत, त्याला अहाबही पुरता कळलेला नाही. एकात देवमाशाचा काप भाजून खाल्ला जातो, आणि दुसऱ्यात असे खाणे योग्य की अयोग्य याची पांडित्यपूर्ण चर्चा होते.

प्रसंग साधा आहे. स्टब हा जहाजावरचा दुसरा मेट. पाइप ओढणारा, खुशालचेंडू, जिभेचा लाडावलेला. त्याने दिवसा एक स्पर्म जातीचा देवमासा मारला आहे. अठरा माणसांनी तासन्‌तास वल्ही मारून ते शव जहाजापाशी ओढून आणले, साखळदंडांनी बाजूला जखडले, आणि आता रात्र पडली आहे. स्टबला भूक लागली. त्याला स्वतःच्या शिकारीचाच काप हवा, तोही शेपटीकडे निमुळता होत जाणाऱ्या भागाचा. दग्गू नावाच्या धिप्पाड हबशी भालाईताला तो खाली उतरवून काप काढवून घेतो. मध्यरात्रीच्या सुमारास भटारखान्यातून तो भाजून येतो, आणि नांगर ओढायच्या रहाटाचा माथा हेच टेबल करून स्टबसाहेब जेवायला उभे राहतात. त्याच वेळी जहाजाखाली हजारो शार्क, म्हणजे आपल्या कोकणातल्या मुशीचे दांडगे भाऊबंद, त्याच देवमाशाचे लचके तोडत असतात. वर एक तोंड, खाली हजारो तोंडे, आणि पान एकच.

इथे आकाराच्या विनोदाची पहिली युक्ती पाहावी. अवाढव्य वस्तूचे वर्णन करताना कच्चा लेखक विशेषणांची रास रचतो. डोंगराएवढा म्हणतो, बेटाएवढा म्हणतो, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे काहीच उभे राहत नाही. मेलव्हिल उलट वाटेने जातो. तो त्या धुडातला फक्त एक काप बशीत ठेवतो आणि तो जास्त भाजला गेला अशी तक्रार करायला लावतो. आपल्याकडे एखाद्या घरात भाजीला मीठ कमी पडले म्हणून जशी कुरकुर चालते, तशीच अगदी! काप फार मऊ झाला आहे, देवमाशाचा काप चिवट हवा. खालच्या मुशींना पाहा, त्यांना कच्चा आणि चिवट आवडतो, असे स्टब म्हणतो. त्याची पाककृती तर पाकशास्त्राच्या इतिहासात सर्वांत आखूड असावी: एका हातात काप धरायचा, दुसऱ्या हाताने त्याला जळता निखारा नुसता दाखवायचा, आणि वाढायचा. मग उद्याची फर्मानेही सुटतात. परांची टोके लोणच्यात घालायची, शेपटीची टोके आंबवणात मुरवायची, आणि सकाळच्या न्याहारीला देवमाशाचे गोळे! जणू सारा समुद्र म्हणजे घरचे फडताळ आहे. हे वाचताना हसू येते याचे कारण भाषा घरगुती आहे आणि जिन्नस पन्नास फुटांचा आहे.

पण प्रकरण इथे थांबले असते तर ते बरी करमणूक ठरले असते, त्यापलीकडे काही नाही. ते पुढे जाते ते फ्लीस या खानसाम्यामुळे. हा म्हातारा निग्रो स्वतःचे वय नव्वदीचे सांगतो, त्याचे गुडघे गेलेले आहेत, आणि लोखंडी कड्या सरळ करून केलेला ओबडधोबड चिमटा टेकत तो अंथरुणातून उठून येतो. मध्यरात्री एका माणसाच्या लहरीखातर त्याला उठवले आहे. स्टब त्याला हुकूम करतो की, मुशी फार गलका करतात, त्यांना जाऊन प्रवचन दे. म्हातारा कंदील घेऊन कठड्याशी वाकतो आणि खरोखरच त्या माशांपुढे धर्मोपदेश सुरू करतो. तुमचा हावरटपणा हा तुमचा स्वभाव आहे, त्याला तुम्ही काय करणार; पण त्याला लगाम घालता आला तर देवदूत आणखी कोण असतो, असा त्याचा विचार आहे. मोठ्या तोंडाच्यांनी चार लचके छोट्यांसाठी तोडून द्यावेत, कारण तोंड मोठे म्हणून पोट तेवढेच मोठे असते असे नाही, हेही तो सुचवतो. स्टब मधूनमधून शाबासकी देतो. मुशी अर्थातच ऐकत नाहीत. शेवटी म्हातारा कंटाळतो, आणि पोटे फुटेस्तोवर खा आणि मरा असा आशीर्वाद देऊन मोकळा होतो.

प्रवचन कोणाला उद्देशून आहे हे सांगायला टीकाकार कशाला हवा? खाली ऐकणाऱ्यांपेक्षा वर ऐकणारा त्याला अधिक पात्र आहे. स्टबने थट्टेसाठी उभे केलेले सोंग त्याच्यावरच उलटते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. त्याची थट्टा चालूच राहते. तुझा जन्म कुठला, असे तो विचारतो. रोआनोक नदी ओलांडणाऱ्या तरीत, असे म्हातारा सांगतो. मग घरी जा आणि पुन्हा जन्म घेऊन ये, कारण तुला अजून देवमाशाचा काप भाजता येत नाही, असे स्टबचे उत्तर! ही कोटी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसलो होतो. नंतर नकाशा पाहिला. रोआनोक व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना या दोन राज्यांतून वाहते, आणि म्हाताऱ्याच्या जन्मकाळी त्या दोन्ही राज्यांत गुलामगिरी कायदेशीर होती. अशा माणसाला 'घरी जाऊन पुन्हा जन्म घे' म्हणणे म्हणजे काय, हे मेलव्हिल उलगडून सांगत नाही. तो फक्त नदीचे नाव टाकतो.

हे नाव सहज पडले असेल असे मला वाटत नाही. पळून आलेल्या गुलामांना धरून परत पाठवण्याचा कडक कायदा अमेरिकेत १८५० साली झाला. १८५१ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनला टॉमस सिम्स नावाच्या पळून आलेल्या तरुणाला सोडवण्याचा अर्ज मॅसॅच्युसेट्सच्या मुख्य न्यायाधीशांनी फेटाळला, आणि त्याला जॉर्जियात परत पाठवण्यात आले. ते न्यायाधीश लेम्युएल शॉ म्हणजे मेलव्हिलचे सासरे. त्याने आपले पहिले पुस्तक, 'टायपी', त्यांनाच अर्पण केले होते. त्या वसंतात जावई त्याच राज्यात, पिट्सफील्डच्या शेतघरात बसून 'मोबी डिक' पुरे करत होता. चौसष्टावे प्रकरण सासऱ्यांवर लिहिले असे मी म्हणत नाही. टीकाकाराने इतके डिटेक्टिव्ह होऊ नये. पण आरामात जेवणारा माणूस आणि त्याच्यासाठी मध्यरात्री उठणारा म्हातारा या जोडीकडे पाहताना लेखकाच्या घरात कोणती हवा होती, हे वाचकाला ठाऊक असावे.

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. फ्लीसच्या तोंडी घातलेली भाषा त्या काळच्या अमेरिकन रंगमंचावर गोरे नट तोंडाला काजळी फासून जी निग्रो नक्कल करत, तिच्या फार जवळची आहे. मोडक्या उच्चारांवर हशा काढणे ही जुनी, स्वस्त सोय. आपल्या फार्सांतल्या गड्यामोलकरणींच्या तोंडी बोली घालून आपणही तेच केले आहे. बोलीवर हसणे आणि बोलीतून हसणे यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'मध्ये मालवणी माणूस स्वतःच्या बोलीत स्वतः हसतो, हसवतो, आणि सूत्रे त्याच्याच हाती असतात. फ्लीसला तो मान मिळत नाही. उद्या कोणी हे प्रकरण मराठीत आणू म्हणेल, तर त्याची खरी कसोटी इथेच लागेल. फ्लीसला कोणाचीच बोली न देता साध्या, थकलेल्या मराठीत बोलू द्यावे असे मी सुचवीन. त्याच्या प्रवचनाला उच्चारांच्या टेकूची गरज नाही.

पासष्टावे प्रकरण वेगळ्याच चालीवर आहे. इथे कथानक थांबते आणि निवेदक इश्माएल विद्वानाचा चष्मा लावून बसतो. फ्रान्समध्ये पूर्वी देवमाशाची जीभ मोठी मेजवानी समजत, आठव्या हेन्रीच्या मुदपाकखान्यातल्या एकाने शिंशुकमाशासाठी चटणी शोधून बक्षीस मिळवले, डनफर्मलिनच्या जोग्यांना त्याचे गोळे प्रिय होते, अशी माहिती तो बिनचेहऱ्याने देत सुटतो. मग हळूच म्हणतो की, शंभर फुटांच्या पदार्थापुढे बसायचे म्हटले की भूकच मरते. देवमाशाच्या डोक्यातले मेण दिसायला कोवळ्या शहाळ्याच्या मलईसारखे, पण लोण्याच्या जागी चालायला फारच तेलकट. रात्रपाळीचे खलाशी तेल काढायच्या उकळत्या कढयांत आपली कडक बिस्किटे बुडवून तळून घेतात, हा तपशील मला सर्वांत चविष्ट वाटला. तो अनुभवाचा आहे. मेलव्हिल १८४१ च्या जानेवारीत 'अकुश्नेट' नावाच्या शिकारी जहाजावर चढला होता. पुढल्या वर्षी तो त्यावरून पळाला आणि नरभक्षक म्हणून बदनाम असलेल्या टायपी लोकांत काही आठवडे राहिला. त्यांनी त्याला खाल्ले नाही.

म्हणूनच पुढे नरभक्षक कोण हा प्रश्न तो विचारतो तेव्हा त्यात आगाऊपणा वाटत नाही. दुष्काळाच्या भीतीने एखादा रोडका मिशनरी खारवून ठेवणारा फिजीवासी बरा, की हंसांना जमिनीला खिळवून, त्यांची काळजे फुगवून ती चाखणारा सुसंस्कृत खवय्या, असे तो पुसतो. आणि मग प्रकरणाचे मर्म येते: स्टब देवमासा खातो तो देवमाशाच्याच तेलाच्या कंदिलांत. लोकांना यात क्रौर्य दिसते. मेलव्हिल त्यांना त्यांच्या जेवणातली सुरी उलटून मूठ पाहायला लावतो, ती बैलाच्या हाडाची. हंसांवरील क्रूरतेचा निषेध करणाऱ्या मंडळाचे चिटणीस आपली पत्रके हंसाच्याच पिसाने लिहीत होते, आणि पोलादी टाक वापरण्याचा ठराव त्यांनी नुकताच केला, अशी कोपरखळीही मारतो. मंडळ त्याच्या कल्पनेतले. चिटणीस मात्र आपल्याला रोज भेटतात.

तो कंदील आता विझला आहे. १८५९ साली पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि दिव्यासाठी देवमासे मारण्याची गरज सरत गेली. मारणे मात्र थांबले नाही. विसाव्या शतकात वाफेच्या बोटींनी आणि तोफेच्या भाल्यांनी ते कित्येक पटींनी वाढले, आणि व्यापारी शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदीचा ठराव व्हायला १९८२ साल उजाडावे लागले. आज हे प्रकरण वाचताना पन्नास फुटांच्या कापावरचे हसू थोडे घशात अडकते, ते यामुळेही.

जेवण आटोपून स्टब झोपायला जातो. म्हातारा लंगडत परत फिरतो आणि स्वतःशीच पुटपुटतो: याने देवमासा खाण्यापेक्षा देवमाशाने याला खाल्ले असते तर बरे झाले असते, खऱ्या मुशीपेक्षा हाच मोठा मुशी आहे, अशा अर्थाचे. पुढच्या प्रकरणात क्वीक्वेग आणि आणखी एक खलाशी लांब दांड्याच्या फावड्यांनी मुशी मारत बसतात. त्यातली एक मेलेली मुशी कातड्यासाठी डेकवर ओढून घेतली जाते, क्वीक्वेग तिचा जबडा मिटवायला जातो, आणि त्याचा हात तुटता तुटता वाचतो. न्याहारीच्या गोळ्यांचे पुढे काय झाले, याबद्दल मेलव्हिल अवाक्षर काढत नाही.