सेवागुणाच्या नियमांची भाषा

संगणकजालाच्या सेवागुणाचे धोरण हे आधी भाषेतील विधान असते व मागाहून यंत्राची आज्ञा बनते. ‘संभाषणात खंड पडू नये’ हा हेतू यंत्रास कळत नाही. कोणत्या पॅकेटला अग्रक्रम द्यावा, हे त्यास नेमके सांगावे लागते. १९९८ साली मांडलेल्या वर्गभेदाच्या पद्धतीत प्रत्येक पॅकेटच्या शीर्षभागी सहा बिटांची खूण असते. तीवरून ६४ वर्ग कल्पिता येतात. मात्र ती खूण कोणावर करावी, हे धोरणानेच ठरवावयाचे. हेतूपासून आज्ञेपर्यंतची ही वाटचाल म्हणजे धोरणाचे परिष्करण. वाटेत नियमांत परस्परविरोध शिरला काय व हेतूचा अंश गळला काय, हे पाहणे म्हणजे विश्लेषण.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची २०२४ ची सेवागुणमानके या कसोटीवर घासून पाहण्याजोगी आहेत. २००६, २००९ व २०१२ च्या तीन नियमावल्यांच्या जागी ती १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. हे एकीकरण स्वागतार्ह होय. जिल्ह्यातील सेवा चार तासांहून अधिक काळ बंद राहिल्यास तो ‘लक्षणीय’ खंड ठरतो व त्याची वार्ता प्राधिकरणास २४ तासांत द्यावी लागते. खंड २४ तासांपलीकडे गेल्यास ग्राहकास भरपाई मिळते. येथे काळाची मर्यादा रेखीव आहे. स्थळाची मात्र नाही.

पनवेल–रोहे लोहमार्गावरील आपटा हे गाव रायगड जिल्ह्यात मोडते. एखाद्या दिवशी एवढ्या गावापुरतीच सेवा बंद पडली व अन्यत्र चालू राहिली, तर जिल्ह्याच्या मापाने ‘लक्षणीय’ असे काही घडलेच नाही. केंद्रांच्या बंदकाळाचे स्वतंत्र मान आहे हे खरे. परंतु तेही शेकडेवारीचे, आणि शेकडेवारीत एका गावाचा दिवस सहज विरून जातो. नियम पाळला गेला व हेतू मात्र गळला, अशी ही अवस्था.

दसऱ्यास आपट्याच्या पानाला सोने म्हणतात, तेथे देणारा व घेणारा दोघेही संकेत जाणून असतात. नियमातील शब्दास ही मुभा नाही. ‘जिल्हा’ या पदाशेजारी ‘ज्याची सर्व सेवाकेंद्रे बंद आहेत असे गाव’ हे पद घातल्यास दोष पुष्कळसा दूर होईल. अर्थात पूर वा वीजखंड यांमुळे सेवा बंद पडल्यास दायित्व कोणाचे, हेही त्याच वाक्यात सांगावे लागेल. अन्यथा एका संदिग्धतेच्या जागी दुसरी येईल.