वेसालीचा अर्धमास आणि विलगीकरणातील माणूस

आनापानसतीची ओळख आज बहुधा मन शांत करण्याची एक युक्ती म्हणून करून दिली जाते. श्वास पाहा, ताण निवळेल, एवढाच तिचा आशय मानला जातो. संयुत्त निकायातील वेसाली सुत्त काळजीपूर्वक वाचले असता हा आशय किती तोकडा आहे, हे ध्यानी येते.

प्रसंग असा. वेसालीच्या महावनात तथागतांनी भिक्खूंना देहाच्या अशुभतेचे चिंतन सांगितले आणि ते स्वतः पंधरा दिवस एकांतात गेले. भोजन आणणाऱ्याखेरीज कोणी त्यांच्याजवळ जायचे नव्हते. इकडे स्वदेहाची घृणा अनावर होऊन अनेक भिक्खूंनी जीवन संपविले. परतल्यावर संघ विरळ का दिसतो, असे तथागतांनी विचारले. आनंदांनी कारण सांगितले व दुसरा मार्ग शिकविण्याची विनंती केली.

तथागतांनी गेलेल्यांना दुबळे ठरविले नाही. त्यांनी वेसालीच्या आसपासचे सर्व भिक्खू सभागृहात एकत्र बोलाविले आणि मगच आनापानसती सांगितली. आमच्या मते सुत्ताचे मर्म या क्रमात आहे. प्रथम माणसे एकत्र आली, नंतर श्वासाचा उपदेश झाला. तो उपदेशही सौम्य आहे. श्वास दीर्घ असेल तर दीर्घ, ऱ्हस्व असेल तर ऱ्हस्व जाणावा. सर्व देहाचा अनुभव घेत तो शांत होऊ द्यावा. ज्या देहाची घृणा शिकली गेली, त्याच देहाशी पुन्हा स्नेह जोडणारी ही साधना आहे. उन्हाळ्याच्या शेवटी उडणारी धूळ अवकाळी मेघ खाली बसवितो, ही तेथील उपमा देवगडच्या जांभ्या सड्यावरील तांबडी धूळ पाहणाऱ्यास समजावून सांगावी लागत नाही.

अट्ठकथेचे स्पष्टीकरण मात्र आम्हास मान्य नाही. ते भिक्खू पूर्वजन्मी शिकारी होते व त्या कर्माचे फळ त्यांना मिळाले, असे ती सांगते. पूर्वकर्माचा असा सिद्धांत समाजाला जबाबदारीतून मोकळे करतो, म्हणून बाबासाहेबांनी 'द बुद्धा अँड हिज धम्म' (1957) या ग्रंथात तो नाकारला. सुत्तात तथागत कारण शोधतात व उपाय बदलतात. अट्ठकथा पीडितालाच दोषी ठरविते.

हा दोष जुना झालेला नाही. 2020 च्या मे महिन्यात मुंबईहून देवगडसह सिंधुदुर्गातील गावोगावी परतलेले चाकरमानी शाळांच्या खोल्यांत विलगीकरणात राहिले. चौदा दिवसांचा हा काळ वेसालीच्या अर्धमासाएवढाच. रोगाच्या भयाइतकेच आपल्याच गावाच्या संशयाचे ओझे त्यांच्यावर होते. अशा वेळी मनुष्य स्वतःलाच दोष देऊ लागतो. क्रिस्टिन नेफ यांनी 2003 साली मांडलेल्या आत्मकरुणेत स्वतःविषयी ममत्व, दुःख सर्वांचे असल्याची जाण आणि सजगता ही तीन अंगे आहेत. मैत्रीभावनेचा आरंभ स्वतःपासून करावा, असे विशुद्धिमग्गही सांगतो. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या स्वतःची घृणा शिकविली गेली, त्याच्यासाठी ही चैन नव्हे; तो मुक्तीचा आरंभ आहे.

तथापि एकांत आणि बहिष्कार यांत गल्लत होता कामा नये. एकांत मनुष्य स्वतः निवडतो किंवा सर्वांच्या हितासाठी काही दिवस स्वीकारतो. बहिष्कार त्याच्यावर लादला जातो. बहिष्कृताला केवळ श्वास पाहा म्हणून सांगणे ही करुणा नव्हे. त्याच्यासाठी 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदाही हवा आणि त्याच्या बाजूने उभा राहणारा संघही हवा. करुणा मनुष्यमात्रापुरती असते, मैत्री सर्व जीवांना कवेत घेते, असे बाबासाहेब सांगतात. त्या मैत्रीतून स्वतःला वगळण्याचे कारण नाही. परंतु ती स्वतःपाशी थांबताही कामा नये.

म्हणून विहारांतून आनापानसती शिकविताना वेसालीचा क्रम पाळावा, अशी आमची सूचना आहे. एकाकी पडलेल्या माणसाला आधी आपल्यात बोलवावे. श्वास त्याच्याबरोबर बसून पाहावा.