जैवअनुकरण आणि लवासा : एका निसर्गप्रेरित आराखड्याची चिकित्सा

जॅनिन बेन्यूस यांचा 'बायोमिमिक्री' हा ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि निसर्गप्रेरित रचनेचा विचार अभियांत्रिकीच्या क्षेत्रात रूढ होऊ लागला. निसर्गाचे अनुकरण आकार, प्रक्रिया आणि परिसंस्था अशा तीन पातळ्यांवर संभवते, अशी त्यांची मांडणी आहे. पहिली पातळी सोपी, तिसरी अत्यंत अवघड.

महाराष्ट्रात हा विचार सर्वात मोठ्या प्रमाणावर पुणे जिल्ह्यातील लवासा येथे मांडला गेला. मोसे खोऱ्यात, वरसगाव जलाशयाच्या काठी उभारावयाच्या या नगरासाठी एचओके या वास्तुसंस्थेने बेन्यूस यांच्या सहकाऱ्यांसमवेत काम केले. मूळचे पानझडी अरण्य पावसाचे पाणी कसे अडवते, मुरवते, याचा अभ्यास झाला. वडाच्या पानावरून छपराच्या कौलांची, तर मुंग्यांच्या वारुळावरून पाणी वळविण्याच्या चरांची कल्पना सुचली. अभ्यास म्हणून हे निश्चितच मोलाचे आहे.

परंतु मूळ प्रश्न येथेच उद्भवतो. डोंगरउतार कापून झाडांच्या मुळांसारखा पाया घालणे, हे परिसंस्थेचे अनुकरण कसे मानावे? जे अरण्य आदर्श मानले, त्याच्याच पाणलोटात बांधकाम झाले. आणि हे पाणी पुढे खडकवासल्याला, म्हणजे पुणे शहराला मिळते. स्थानिक कातकरी व शेतकरी कुटुंबांनी जमिनींच्या व्यवहारांवर आक्षेप घेतले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पर्यावरणीय मंजुरीअभावी नोटीस बजावली. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

हे अपयश कायद्याचे व अर्थकारणाचे, रचनेचे नव्हे, असा बचाव करता येईल. तो अर्धाच खरा आहे. येथे बांधावे की नाही, हा परिसंस्थेच्या पातळीवरील पहिला प्रश्न होय. आराखड्याने जागा गृहीत धरली आणि पान व वारूळ तेवढे उचलले.

याचा अर्थ 'स्थानिक ते सारे निर्दोष' असाही नव्हे. मराठवाड्यातील माळवदाची घरे उन्हाळ्यात थंड राहतात. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि मातीची तीच जड छते हजारो जीवांवर कोसळली. गारव्याची कसोटी उतरलेली रचना हादऱ्याच्या कसोटीला उतरली नाही. लवासाच्या कौलालाही हाच न्याय लावावा लागेल: छपरावरून पाणी किती सुबक ओघळले यापेक्षा, बांधकामापूर्वी त्या उतारात जेवढे मुरत होते तेवढे बांधकामानंतर मुरते काय, हे मोजणे अगत्याचे आहे.