खून कोणी केला हे कळल्यावर

रहस्यकथा दुसऱ्यांदा वाचून पाहावी. पहिल्या वाचनात सगळ्याच बऱ्या वाटतात. अलीकडे दोन कादंबऱ्या मी अशा वाचल्या.

अगाथा ख्रिस्तीबाईंची १९२६ सालची ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ दुसऱ्या खेपेसही चोख उतरते. खुणा बाईंनी उघड्यावरच मांडलेल्या असतात. आपण त्यांवरून भरधाव गेलेले असतो. मात्र ॲक्रॉइडसाहेब गेल्याची हळहळ आपल्याला शिवतही नाही.

दुसरी जपानी. केइगो हिगाशिनो यांची, २००५ सालची; इंग्रजीत ती ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ या नावाने आली. गळा कोणी आवळला हे येथे आरंभीच सांगून टाकले आहे. शेजारी राहणारा इशिगामी, गणिताचा मास्तर, त्या मायलेकींना वाचवू पाहतो. हा गृहस्थ परीक्षेत असा प्रश्न घालतो की दिसायला तो भूमितीचा, असतो मात्र बीजगणिताचा. (आमच्या शाळेत असा पेपर काढला तर पालक दारात येऊन उभे राहतील!) त्याचा सारा बेतही त्याच जातीचा. तो मी फोडत नाही. सणासुदीला ते पाप कोण घेणार?

पण माझी एक तक्रार आहे. अखेरीस इशिगामी हंबरडा फोडतो आणि लेखक आपल्यालाही त्याच्यासाठी रडायला लावतो. पहिल्या वेळी मीही गलबललो. दुसऱ्या वेळी मात्र, त्याच्या प्रेमाचे मोल ज्याला चुकवावे लागले त्यालाच मी पानोपानी शोधीत राहिलो. लेखकाने त्या माणसाला धड नावसुद्धा दिलेले नाही.