‘कार्निव्हल’ ही संज्ञा आणि खानदेशातील उत्सव

खानदेशातील होळी, भोंगर्‍या व आखाजी या उत्सवांविषयी लिहिताना ‘कार्निव्हल’ ही संज्ञा अलीकडे सर्रास योजिली जाते. ब्राझीलमधील विख्यात उत्सवाशी तुलना केली की आपल्याकडील उत्सवाची थोरवी सिद्ध झाली, असा समज त्यामागे दिसतो. तुलना ही अभ्यासाची एक मान्य पद्धती आहे. परंतु तुलनेचे माप ज्या संज्ञेतून घ्यावयाचे ती संज्ञा आधी तपासून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत टिपणात तेवढेच योजिले आहे.

‘कार्निव्हल’ या शब्दाचा उगम मांस वर्ज्य करणे या अर्थाच्या मध्ययुगीन लॅटिन शब्दसंहतीत सापडतो. ‘मांसा, तुला निरोप’ अशी जी व्युत्पत्ती सांगितली जाते ती लौकिक होय. पोर्तुगीजांनी मात्र या सणास ‘एंत्रूदु’ म्हटले. हा शब्द ‘प्रवेश’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असून येथे प्रवेश अभिप्रेत आहे तो ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात. हाच शब्द पोर्तुगीज वसाहतींबरोबर ब्राझीलमध्ये गेला आणि गोव्यात ‘इंत्रूज’ झाला. ब्राझीलमध्ये एंत्रूदु म्हणजे परस्परांवर पाणी, पीठ आणि सुगंधी पाण्याने भरलेले मेणाचे गोळे फेकण्याचा खेळ होता. एकोणिसाव्या शतकात सरकारने त्यावर बंदी आणली व त्याची जागा मुखवट्यांचे नृत्योत्सव आणि मिरवणुका यांनी घेतली. सांबा पथकांची पहिली स्पर्धा रिओ येथे १९३२ मध्ये झाली आणि १९८४ मध्ये तिच्यासाठी पक्की प्रेक्षागारे उभी राहिली. दोन्ही नावांचा अर्थ पुढे येणार्‍या उपवासावर अवलंबून आहे, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावयाची. संयम उद्यापासून आहे म्हणून आज मोकळीक आहे.

या मोकळिकीस सिद्धान्ताचे रूप दिले ते रशियन समीक्षक बाख्तीन यांनी. राब्लेवरील त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला व १९६८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले. कार्निव्हलमध्ये उच्चनीचतेची उतरंड काही काळ उलटी होते आणि नट व प्रेक्षक हा भेद लोपतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ते मध्ययुगीन व प्रबोधनकालीन युरोपातील चौकांविषयी आहे, हे विसरले की घोटाळा होतो. परीक्षकांनी गुण द्यावेत आणि तिकीट काढलेल्या प्रेक्षकांनी पाहावे, असे स्वरूप आलेली रिओची मुख्य मिरवणूक बाख्तीन यांच्याच कसोटीला पुरती उतरत नाही. मग सातपुड्यातील होळीला ती कसोटी न तपासता लावणे कितपत युक्त आहे?

नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील होळीचे उदाहरण घ्यावे. रात्रभर ढोलांच्या तालावर नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. ‘बावा’ व ‘बुध्या’ बनलेले पुरुष अंगावर ठिपके रेखतात, मोरपिसांचे टोप घालतात व कमरेला घुंगरे बांधतात. बाह्यतः हा वेषांतराचा उत्सवच होय. परंतु ही सोंगे घेणारे नवसाने बांधलेले असतात. त्या काळात जमिनीवर निजणे, स्त्रीसंग वर्ज्य करणे, असे नियम ते पाळतात. या आचारास ‘पालनी’ म्हणतात. कार्निव्हलमध्ये मुखवटा संयमातून सोडवितो. काठीला सोंगच संयम लादते. दोहोंतील साम्य रंगांचे व पिसांचे आहे, अर्थाचे नाही.

भोंगर्‍याच्या बाबतीत घोटाळा नावापासूनच सुरू होतो. होळीपूर्वीच्या आठवड्यात सातपुड्यातील ज्या ज्या गावी आठवड्याचा बाजार भरतो तो तो भोंगर्‍या बाजार होतो. धडगाव, चोपडा तालुक्यातील वैजापूर, रावेर तालुक्यातील पाल येथे पावरा-बारेला लोक ढोल घेऊन उतरतात आणि होळीसाठी लागणारे जिन्नस खरेदी करतात. मध्य प्रदेशात रूढ असलेल्या ‘भगोरिया’ या रूपाचा संबंध हिंदीतील ‘भागना’ या क्रियापदाशी जोडून हा पळून जाऊन लग्न करण्याचा बाजार ठरविण्यात आला. वास्तविक ‘भोंगर्‍या’ या रूपातील ओकार व अनुनासिक यांचा उलगडा त्या क्रियापदाने होत नाही. एका भाषेतील नावाचे दुसर्‍या भाषेत ध्वनिसाम्याने लावलेले हे अर्थांतर होय. आदिवासी संघटनांनी त्यास वेळोवेळी आक्षेप घेतला आहे. चुकीच्या व्युत्पत्तीने एका समाजाच्या मुलींविषयी खोटे चित्र उभे राहते, तेव्हा प्रश्न केवळ ध्वनिशास्त्राचा उरत नाही.

उतरंड उलटण्याचे तत्त्व खानदेशात शोधावयाचे असेल तर ते होळीपेक्षा आखाजीत अधिक स्पष्टपणे आढळते. ‘अक्षय’ याचे प्राकृतात ‘अक्खय’ व पुढे ‘आखा’ होणे नियमानुसार आहे. वरणगाव-भुसावळ भागातील लेवा गणबोलीत ‘आखजी’ असेही रूप आहे आणि बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांच्या या सणावरील कवितेत तेच येते. या दिवशी पितरांसाठी घागर भरतात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. कित्येक ठिकाणी दोन गावच्या मुली परस्परांना गाण्यांतून शिव्या देतात. एरवी निंद्य मानलेला जुगारही त्या दिवशी चालवून घेतला जातो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सालदाराचे वर्ष परंपरेने आखाजीला संपते व नवे वर्ष तेव्हापासूनच धरतात. म्हणजे त्या दिवशी सून सासूच्या आणि सालदार मालकाच्या आज्ञेत नसतो. ही सुटका मुखवट्याने आलेली नाही. ती नातेसंबंधांतील व करारातील खंडामुळे आलेली आहे. कार्निव्हलमध्ये गुलाम राजाचे सोंग घेतो. आखाजीला सालदार सोंग न घेता एक दिवस कोणाचाच नसतो. मात्र पोटासाठी त्याला नवा करार करावाच लागतो व लेकही सासरी परतते. या मोकळिकीची मर्यादाही अशा रीतीने त्याच व्यवहारात दडलेली आहे.

तात्पर्य, ‘कार्निव्हल’ ही संज्ञा टाकून द्यावी असे नव्हे. इंत्रूजच्या विवेचनात ती अपरिहार्य आहे. आखाजीच्या विवेचनात ती विरोधाने प्रकाश पाडते. काठी व भोंगर्‍या यांच्या बाबतीत ती बहुधा दिशाभूल करते. क्षेत्रीय सामग्री गोळा करणार्‍या विद्यार्थ्यांनी उत्सवाचे नाव, सोंगांची नावे व नियमांची नावे बोलणार्‍याच्या बोलीत, त्याच्या उच्चारासह प्रथम नोंदवावीत आणि तुलना त्यानंतर करावी. ‘पालनी’ हा एक शब्द नोंदला गेला नाही तर काठीची होळी हा निव्वळ रंगीत देखावा ठरतो.